एकशे ब्याण्णवावा भाग

रविवारी सकाळी भालचंद्र खटावकरनं आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि चष्म्याच्या घरातून रसटिकली काढून उजव्या कानशिलावर चिकटवली. साबुदाण्याएवढी ती टिकली. नाडीचे ठोके, घाम आणि कातडीखालच्या स्नायूंचं आखडणं ती मोजायची आणि समोरच्या पडद्याला कळवायची. मन फार गुंतलं की ती हिरवी व्हायची. गेल्या तीन वर्षांत कऱ्हाडच्या मंडईतल्या भाजीवालीपासून कोर्टातल्या वकिलापर्यंत सगळ्यांच्या कानशिलावर ती आली होती. टिकलीशिवाय मालिका लागायची, पण बेचव लागते असं लोक म्हणायचे.

टिकली बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं साधं होतं. गोष्ट सगळ्यांना तीच. फक्त वेग, उजेड आणि मागचं संगीत तुमच्या कलानं घेतलं जाईल. श्रोत्यांचे चेहरे पाहून कीर्तनकार एखादं पद लांबवतो ना, तसंच. ही उपमा जाहिरातीत पहिल्यांदा ऐकली तेव्हा भालचंद्र चहाचा कप तसाच ठेवून उठला होता.

एसटीच्या डेपोतून निवृत्त झाल्यावर तो साप्ताहिक ‘संगमवार्ता’त दर आठवड्याला मत लिहायचा. खेळ, गाणी, मालिका, काही सोडायचा नाही. शौक लहानपणापासूनचा, आणि अलीकडे या शौकातून नुसती मळमळ उरली होती. ‘गडझुंज’ हा खेळ सगळं गाव खेळत होतं. भालचंद्रची बोटं थरथरतात, तरी त्यानं एका सकाळीत गड घेतला. त्याचा नेम चुकला तर पहारेकरी तो परत बसेपर्यंत उभा राहून वाट पाहायचा. आणि गड पडल्यावर विजयी सैनिक कैद्यांच्या तोंडावर थुंकत नाचत होते. ‘लहर’ नावाच्या गायिकेला गळाच नव्हता, ती यंत्रानं घडवलेली. तिचं गाणं चाळीस सेकंदांचं, त्यातले दहा सेकंद धापा. कानात घालायच्या कानमण्यातून ते ऐकताना कुणीतरी मानेवर उष्टा श्वास सोडतंय असं वाटतं, हे त्यानं लिहिलं आणि लिहून झाल्यावर कान साबणानं धुतले.

गंमत म्हणजे दर महिन्याला कंपनी त्याला सोनेरी पदक पाठवायची. पडद्यावर फुलं पडायची आणि अक्षरं उमटायची : ‘अतिरसिक’. तालुक्यात त्याच्याइतका रस कुणीच घेत नव्हतं म्हणे. ज्याला काहीच आवडत नाही त्याला पदक देणारं यंत्र किती बिनडोक असेल, यावर त्यानं एक आख्खा लेख खरडला होता.

या सगळ्यावर उतारा एकच, सदाशिव मुळीक. सदा पेट्या दुरुस्त करायचा आणि कीर्तनाला पेटीची साथ करायचा. तीस वर्षं दर रविवारी दहाला भालचंद्र त्याच्याकडे चहाला जाई, आणि आठवड्यात जे पाहिलं, ऐकलं, खेळलं त्यावर दोघं कडाकडा भांडत. सदाला बहुतेक गोष्टी आवडायच्या. “तुझं पोट बिघडलंय, त्याला गाणं काय करील,” असं तो म्हणायचा. मागच्या चैत्रात सदाची बायको नलू गेली, तेव्हासुद्धा दिवसकार्य उरकल्यावरच्या पहिल्या रविवारी सदानं दार उघडून हेच विचारलं होतं, की कालचा भाग बघितलास का. भालचंद्रनं तेव्हा मुद्दाम जोरात भांडण काढलं होतं. वहिनी असताना आतून हसायच्या, तसं कुणी हसलं नाही, एवढंच.

बिघडलं ते ‘पारिजातनगर’ या मालिकेवरून. तिच्यात आबा पेटीवाले म्हणून एक म्हातारा होता, बायको आजारी असलेला. एकशे ब्याण्णवाव्या भागात तो दारू पिऊन भर बैठकीत पेटीवर ओकला, मागं ढोलकी वाजली आणि सगळी वसाहत हसली. भालचंद्रला दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यानं लिहिलं : ‘म्हाताऱ्याला ओकायला लावायचं आणि त्यावर ढोलकी वाजवायची, याला हल्ली विनोद म्हणतात. हे चवीनं बघणाऱ्यांच्या घरी देव्हारा असेल तर त्यांनी तो झाकून ठेवावा.’

लेख छापून आल्यावरच्या रविवारी तो चहाला गेला तर दाराला आतून कडी. बाहेर पाटीच्या खिळ्याला चिठ्ठी लटकत होती. ‘देव्हारा झाकलाय. आता येऊ नकोस.’

पुढच्या रविवारीही दार उघडलं नाही. भालचंद्र माफी मागणाऱ्यांतला नव्हता. आपण म्हाताऱ्या पेटीवाल्याचीच बाजू घेतली आणि राग पेटीवाल्यालाच आला, हे कोडं त्याला सुटेना. पण शनिवारी राममंदिरात उत्सवाचं कीर्तन होतं. कावेरीताई देवस्थळी उभ्या राहणार होत्या आणि पेटीवर सदा. भालचंद्र वर्षानुवर्षं पेटीच्या बाजूला, पहिल्या रांगेत बसायचा. पद संपलं की सदा मान न वळवता फक्त डोळा वळवायचा, आणि भालचंद्रची भुवई वर जाते की खाली येते ते बघायचा. ती नजर या शनिवारी आली नाही तर उरलेल्या आयुष्यात रविवारी दहाला करायचं काय, या विचारानं तो गुरुवारी दुपारी उठला आणि सरळ सदाच्या घरी गेला.

दार नुसतं लोटलेलं होतं. सदा पडद्यासमोर बसला होता, कानशिलावर टिकली हिरवीगार. त्यानं वळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “बरं झालं आलास. एकशे ब्याण्णवावाच लावलाय. बस, आणि दाखव मला, कुठं ओकतो तो.”

भालचंद्रची टिकली खिशात, चष्म्याच्या घरात होती. तो तसाच बसला. पडद्यावर आबा पेटीवाले खिडकीपाशी बसून पेटीचा भाता पुसत होते. आतून बायको हळूहळू चालत आली, भिंतीचा आधार सोडून. कोनाड्यात दिवा ठेवून ती म्हणाली की आज जरा बरं वाटतंय, काहीतरी वाजवा. आबांनी वाजवलं. वसाहतीतली माणसं एकेक करून अंगणात येऊन बसली. कुणी हसलं नाही. भाग संपला.

“हा तो भागच नव्हे,” भालचंद्र म्हणाला.

सदानं कोपऱ्यातला आकडा दाखवला. एकशे ब्याण्णव.

मग सदानं कानशिलावरची टिकली सोलून वाटीत टाकली आणि भालचंद्रच्या खिशाकडे बोट केलं. भालचंद्रनं आपली टिकली लावली. सदानं भाग पहिल्यापासून सुरू केला.

पहिली दोन मिनिटं हुबेहूब तीच. खिडकी, भाता, फडकं. मग आबांनी पेटी उघडली आणि आतून उंदीर निघाला. भालचंद्रच्या अंगावर काटा आला. आत बायको खोकली, तर अंगणातली पोरं तिच्या खोकल्याची नक्कल करू लागली. त्याच्या जबड्यात कळ गेली. आबांच्या हातात बाटली आली. भालचंद्र खुर्चीच्या कडेला सरकला, त्याचा श्वास वर चढला, आणि जसजसा तो चढला तसतशी ढोलकी जवळ येत गेली.

सदा पडद्याकडे पाहतच नव्हता. तो भालचंद्रच्या कानशिलाकडे पाहत होता.

“भालू, ती हिरवी झालीय.”

“असेल.”

“आवडतं, म्हणून माझी होते. हे तुला आवडतं?”

“शिसारी येते रे मला.”

“मग हिरवी कशी?”

भालचंद्रनं पडदा बंद केला. सोनेरी पदकं, पडणारी फुलं, अतिरसिक हा शब्द, सगळं त्याच्या ध्यानात एका ठिकाणी आलं. टिकलीला मन किती घट्ट धरलं गेलंय ते कळत होतं. प्रेमानं धरलंय की किळसेनं, ते कळत नव्हतं. तीन वर्षं तो तिरस्कारानं जितका थरथरला तितकं यंत्रानं त्याला भरभरून वाढलं. थुंकणारे सैनिक, धापा टाकणारी लहर, हे सगळं बहुधा एकट्या त्याच्या ताटात होतं, आणि त्यावर तो साऱ्या गावाला नावं ठेवत होता.

सदाला हे समजावून सांगावं लागलं नाही. कीर्तनातला माणूस तो. “नवरसांत बीभत्सही येतोच की,” तो म्हणाला. “यंत्राला कुणी शिकवलं असेल, रस म्हणजे रस.” मग म्हणाला, “म्हणजे आबाला ओकायला तू लावलंस.”

सदाचा चेहरा भालचंद्रसमोर बदलत गेला, कारण सदाचा हिशेब इथं संपला नव्हता. तो वाटीतल्या आपल्या टिकलीकडे बघत होता.

“आणि तिला बरं मी केलं. मी पाच वेळा बघितला रे हा भाग. वाटायचं, कुणीतरी लिहिलंय. कुणा परक्या माणसाला वाटलं असेल, की हिला बरं वाटावं.” त्यानं वाटी पालथी घातली. “जा तू आता.”

या खेपेला ‘येऊ नकोस’ असं तो म्हणाला नाही. पण ‘ये’ असंही नाही.

शनिवारी पाचला राममंदिरात जाजमं पसरली होती. देवस्थान समितीचे सचिव दप्तरदार मोठ्या उत्साहात होते. पुढच्या वर्षी सगळ्या श्रोत्यांना टिकल्या आणि कानमणी द्यायचं समितीच्या मनात होतं, म्हणजे ज्याला त्याला कीर्तन आपापल्या कलानं ऐकू येईल. यंदा प्रयोग म्हणून दहा जणांनी लावले होते, दप्तरदार त्यांत पहिले. भालचंद्रलाही त्यांनी एक जोड पुढं केला. त्यानं हात जोडून नको म्हटलं आणि पेटीच्या बाजूला, पहिल्या रांगेत जाऊन बसला. कानशील उघडं असल्याचं त्याला वारा लागल्यासारखं जाणवत होतं.

कावेरीताई उभ्या राहिल्या. नमन झालं, गजर झाला. दीडशे गळ्यांतून एक नाव उठलं, पण कडेकडेनं काही गळे अर्ध्या मात्रेनं मागे पडले, काही आधीच संपले. ज्यांच्या कानात कानमणी होते त्यांना दुसरीच लय ऐकू येत असावी. ताईंनी क्षणभर त्या दिशेला पाहिलं आणि हातानं टाळी देत लय सांभाळून घेतली. पूर्वरंगात त्यांनी निरूपण जरा लांबवलं. बायकोच्या माहेरचा तो जुना विनोद पुन्हा सांगितला. भालचंद्रच्या कपाळाला आठी पडली, नाडी वाढली, आणि तो एकदम दचकून कानशील चाचपू लागला. तिथं काही नव्हतं. विनोद खरोखरच शिळा होता. ही आठी त्याची स्वतःची होती.

पद संपलं. सदानं मान खाली घातलेलीच ठेवली.

मध्यंतराला ताईंच्या गळ्यात हार पडला, साथीदारांना हार झाले, सगळ्यांच्या कपाळी बुक्का लागला. उत्तररंगात देवळातल्या एका आंधळ्या गुरवाचं आख्यान होतं. ताई ते उभं करता करता स्वतःच त्यात उतरल्या. गुरव देवाला शेवटची हाक मारतो त्या पदात त्या वर गेल्या, आणि वरच्या पंचमावर त्यांचा आवाज फाटला. स्वच्छ, कापडासारखा फाटला. त्याच क्षणी पेटी दोन मात्रा पुढं धावली आणि एका स्वरावर उभी राहिली. भालचंद्रची भुवई खाली आली. समोरच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

आणि सदानं, मान न वळवता, डोळा वळवला.

आरती झाली, प्रसाद झाला. सदा पेटीला खोळ घालत होता, भालचंद्र जवळ जाऊन उभा राहिला. सदानं वर न पाहताच विचारलं, “काय, कसं झालं?”

तीस वर्षांचा प्रश्न. ‘छान झालं’ म्हणून वेळ मारून नेणं सोपं होतं, आणि ते या दोघांमधलं शेवटचं बोलणं ठरलं असतं.

“हाकेच्या पदात पेटी धावली,” भालचंद्र म्हणाला. “लाज वाटली मला. साथीदारानं पुढं पळायचं नसतं.”

“धावली नाही, धाववली. ताईंचा श्वास तुटला होता. मी पुढं जाऊन स्वर धरून ठेवला, म्हणजे त्यांना उतरायला जागा मिळावी. तुझ्या कानाला नुसतं धावणं ऐकू आलं.”

भालचंद्रनं ते पद मनात पुन्हा ऐकलं. आवाज फाटला, पेटी पुढं गेली, आणि ताई त्या धरलेल्या स्वरावर पाय टेकून खाली आल्या. खरंच तसं होतं. त्याचं मत चुकलं होतं, आणि त्याला ते चुकलेलं मत पदकापेक्षा प्रिय वाटलं. “बरं,” तो म्हणाला, “पण विनोद शिळा होता.”

“तो वीस वर्षं शिळाच आहे. उद्या दहाला ये, दूध जास्त घेऊन ठेवतो.”

एवढ्यात दप्तरदार आले. कानमणी अजून कानात, टिकली हिरवी, चेहरा तृप्त. ते सदाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मुळीक, आज ताईंचा आवाज काय लागला होता हो. वरच्या पंचमावर नुसता तेलाच्या धारेसारखा. आणि गुरवाला शेवटी दृष्टी आली तेव्हा तर मला रडू आवरेना.”

आख्यानात गुरवाला दृष्टी आली नव्हती. तो आंधळाच राहिला होता, आणि आंधळाच हसला होता. सदानं भालचंद्रकडे पाहिलं. भालचंद्रला हसू आलं नाही, रागही आला नाही. दप्तरदारांच्या कपाळावरचा बुक्का आणि त्याच्या बोटभर बाजूला चमकणारा तो हिरवा ठिपका तो पाहत राहिला. हा माणूस दोन तास त्याच्या शेजारच्या जाजमावर मांडी घालून बसला होता. पुढच्या वर्षी इथं असे दीडशे जण बसणार होते, आणि त्यांच्यापुढं ताई उभ्या राहणार होत्या.

“सचिवसाहेब,” त्यानं अगदी हळू विचारलं, “आपण आज कुठल्या कीर्तनाला होतात?”