बुरजाआडचं पाणी

नूरजहाँची ओढणी वजीरच्या गळाला लागली, ती एका शुक्रवारी दुपारी.

नळदुर्गच्या किल्ल्याखाली, बुरजाच्या वळणात, बोरी नदीचं पाणी आत शिरून निवांत पडलेलं असे. तिथं वारा पोचत नसे. नूरजहाँ आईबरोबर धुणं धुवायला आली होती. आई हमिदाबी वर खडकांवर कपडे वाळत घालत होती, आणि खाली नूरजहाँच्या हातून हिरवी ओढणी सुटली. ती तरंगत एका होडक्यापाशी गेली. होडकं कसलं... रस्त्याच्या कामावरची डांबराची पिंपं कापून, ठोकून केलेली एका माणसापुरती अरुंद पन्हाळ. आत बसलेल्या तरुणानं दोरी ओढली.

"मरळ लागली वाटलं," तो म्हणाला. "ही तर—"

"माझी हाय. द्या."

"गळाला लागलेलं परत द्यायचा रिवाज न्हाय आमच्यात."

"मग तुमीच पांघरा." ती धुण्याकडे वळली.

तो इतका हसला की होडकं डुललं.

वजीर स्टँडाजवळ शिंपीकाम करायचा. शुक्रवारी नमाज झाली की दुकान बंद, आणि तो पाण्यावर. पुढच्या शुक्रवारी नूरजहाँचं धुणं उगाच वाढलं. तो गळ टाकून बसे, ती कपडे आपटे, आणि मासे बहुधा आपल्या वाटेनं निघून जात. या काठावरून त्या काठाला आपण पोहत जातो, असं त्यानं तिला सांगून टाकलं होतं. तिनं डोळे मोठे केले, तेव्हा त्याला खोटं बोलल्याचं काहीच वाटलं नाही.

चैत्र सरता सरता एका दुपारी वारा सुटला. बुरजाआड पाणी अजून शांत होतं, पण पलीकडे पांढऱ्या लाटा उठत होत्या. काठाला या, असं तिनं दोनदा सांगितलं. तिच्या आवाजातली काळजी त्याला गोड लागली. ती अजून थोडी ऐकावी म्हणून त्यानं वल्हं मारलं, आणि होडकं बुरजाबाहेर काढलं.

वाऱ्यानं ते आडवं धरलं. एक लाट आत आली, दुसरीनं ते उलटलं, आणि पत्रा दगडासारखा तळाला गेला. वजीरला पोहता येत नव्हतं.

नूरजहाँ ओरडत बसली नाही. आईचं ओलं लुगडं उचलून ती बुरजाच्या पायथ्यानं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. एक टोक कमरेला बांधलं, दुसरं फेकलं. वाऱ्यानं ते परत आणलं. तिनं पुन्हा फेकलं, पुन्हा... शेवटी त्याच्या हाताला लागलं. तो रडत होता, अम्मीला हाका मारत होता. खडकावर आल्यावरही त्यानं तिचं मनगट सोडलं नाही.

"झालं," ती हळूच म्हणाली. "आता झालं..."

इतक्यात किल्ल्यावरून माणसं धावत आली. पाठोपाठ, वरच्या खडकांआड कपडे वाळत घालणारी हमिदाबी. दोघं भिजलेली बघून कुणीतरी विचारलं, कोण बुडत होतं?

वजीरनं झटकन मनगट सोडलं. "ही... पाय घसरला हिचा."

नूरजहाँनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. मग ती लुगडं पिळू लागली.

संध्याकाळपर्यंत गोष्ट स्टँडावर पोचली. लोक त्याला चहा पाजायला लागले. वजीरला सुईत दोरा ओवता येईना. रस्त्यानं कुणी हिरवी ओढणी घेऊन गेलं की तो मशीनवर मान घाली.

एक दिवस हमिदाबी दुकानात आली. हातात झाकलेला वाडगा, शेवयांचा. येरमाळ्याहून नूरजहाँला स्थळ आलं होतं, ते लोक मागं फिरले, असं तिनं सांगितलं. परक्या माणसानं कवेत धरून काढलेली पोरगी त्यांना नको होती. पण त्याचं काय एवढं, ती म्हणाली, पोरगी जिवंत आहे, ती तुमच्यामुळं. तिनं त्याच्या डोक्यावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली.

"पोरगी कुणाशी बोलत न्हाय. तुमचं नाव निघालं की उठून जाते. लाजत असंल."

वजीरला वर बघवलं नाही. शेवया तशाच राहिल्या.

त्या शुक्रवारी नमाजनंतर तो मशिदीच्या पायऱ्यांवर गफारचाचांसमोर, नूरजहाँच्या बापासमोर, उभा राहिला. भोवती सगळी ओळखीची माणसं.

"चाचा, तुमची पोरगी बुडत नव्हती. म्या बुडत हुतो. रडत हुतो. तिनं काढलं मला, आन् म्या खोटं बोललो."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. त्याचे कान तापले, पण तो हलला नाही. गफारचाचा मात्र हसले नाहीत.

"हे माझ्या घरी येऊन सांग," ते म्हणाले.

घरी हमिदाबीनं सगळं ऐकलं आणि ती उठून चुलीकडे गेली. गफारचाचा ओसरीच्या टोकाला जाऊन बसले. दाराच्या पडद्याआड नूरजहाँ उभी होती.

"तवाच का न्हाय सांगितलंस सगळ्यांना?" वजीरनं विचारलं.

"लोक हसले असते तुमाला."

वजीरनं मान खाली घातली.

"मला लाज वाटत हुती," ती म्हणाली. "तुमची. ज्याच्यासाठी धुतलेलं पुन्हा धुवायचे... तो असा निघाला म्हणून."

"आन् आता?"

पडदा जरासा हलला. "आताबी वाटतीय." आवाज बारीक झाला. "पण... ही निराळी हाय."

वजीरनं पायाखालच्या फरशीकडे बघतच विचारलं, "अम्मीला पाठवू?"

"मला इचारता?"

"तुलाच."

आत चुलीवर काहीतरी उतू गेलं, हमिदाबीनं भांडं उतरवलं. मग पडद्याआडून हळूच—

"उन्हं उतरली की पाठवा."