उसवलेली एअरबॅग

“गाडीला कुणालाही हात लावू देऊ नका. आणि ती फुगून गेलेली एअरबॅग जिवापाड जपा. उद्या तीच तुमच्या बाजूनं बोलणार आहे.”

वकीलबाईंचा हा आवाज ताईच्या कानात सारखा घुमत होता. आणि एअरबॅग तर गॅरेजमधल्या गाडीतून चोरीला गेली होती.

ताई म्हणजे फिजिओथेरपिस्ट. पेशंट तिला ताईच म्हणत. हरवलेलं, चोरीला गेलेलं शोधून देणाऱ्या शोधकाकूंच्या खोलीत ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. मांडीवर नवी कोरी उशी, उशीवर पट्टीत गुंडाळलेला उजवा हात. ती चुळबुळली की उशी आतून कुरकुरे.

“दादानं शिवून दिली, हात टेकायला,” ती म्हणाली. “सीट-कव्हरांचं दुकान आहे त्याचं.”

“अपघात मोठा होता?” काकूंनी विचारलं.

“कसला मोठा! सिग्नलला पुढच्या गाडीला टेकले. एअरबॅग फुगली आणि हात भाजला. अंगठा वळत नाही, काकू. अंगठा गेला तर मी पेशंटला हात लावू कशानं?”

“गाडीची कंपनी काय म्हणते?”

“मांडीवर गरम पाण्याचा थर्मास होता म्हणे.”

“मग मांडी भाजली असती!” शेजारून मास्तर गरजले. ते निवृत्त चित्रकला शिक्षक. काकूंबरोबर फिरणं हा त्यांचा उद्योग.

“मास्तर, आज लवकर पेटलात,” काकू हळूच म्हणाल्या. “वकीलबाईंचा सल्ला काय?”

“एअरबॅग मुळातच सदोष असेल तर बनवणाऱ्यावर दावा. गाडी जुनी घेतलीय. मधे कुणी छेडछाड केली असेल तर विकणाऱ्यावर. नाहीतर विमा देईल ते घेऊन गप्प बसायचं. पण एअरबॅगच नसेल तर पहिल्या दोन्ही वाटा बंद. उद्या तज्ज्ञ तपासायला येतोय.”

काकूंनी जखमेचा फोटो पाहिला. मनगटाजवळ भाजल्याचं एक गोल वर्तुळ. डावा हात मात्र स्वच्छ.

“एअरबॅगला मागे दोन भोकं असतात, गरम वायू सुटायला,” त्या पुटपुटल्या. “मग एकच हात का?”

गॅरेजमध्ये मेकॅनिक आधीच वैतागलेला होता.

“दोघंच येऊन गेले. हिचा दादा, गाडीवर कव्हर घालायला. आणि गाडी विकणारा शेठ. त्याला ही गाडी भंगारात परत हवीय.”

“आणि तुम्ही?” मास्तरांनी डोळे बारीक केले.

“मी चोरली असती तर दोन बोल्ट काढून एअरबॅगची अख्खी डबी नेली असती. नुसतं कापड नेऊन काय पिशव्या शिवू?”

खरंच, स्टिअरिंगमधली डबी जागेवर होती. कापड तेवढं गेलं होतं. डबीत अडकून राहिलेल्या पट्टीची कड अखंड होती, नुसती टाक्यांची टोचणं दिसत होती. खालच्या मॅटवर दोऱ्याचे बारीक तुकडे.

“पांढरे,” मास्तर वाकून म्हणाले. “आणि हे काही तपकिरी.”

“चित्रकलेचा उपयोग झाला बघा!” काकू म्हणाल्या.

शेठ आपल्या ऑफिसात पार्सल उघडत होता. किल्लीच्या जुडग्यातल्या चाकूनं त्यानं सुतळी कापली, खोकं फाडलं, आतल्या पिशवीच्याही चिंध्या केल्या.

“एअरबॅग ओरिजिनल होती. कुणाचा हात लागलेला नाही,” तो न विचारताच म्हणाला. “गाडी तिच्या भावानंच पसंत केली. माझं सगळं शिवणकाम तोच करतो. विचारा त्याला!”

दादा दुकानात एक जुनं कव्हर उसवत होता. लहानशा आकड्यानं एकेक टाका उचलत होता.

“कापून टाका की, लवकर होईल,” मास्तर म्हणाले.

“कापलेलं कापड मला बघवत नाही.” त्याची नजर मास्तरांच्या बाहीवर गेली. “कोट द्या इकडे. भोक पडलंय.”

नको नको म्हणेपर्यंत ठिगळ लागलंसुद्धा. दोरा तपकिरी होता.

“बहिणीकडे जाता ना?” काकूंनी विचारलं.

“रोज.” त्यानं आकडा खाली ठेवला, पुन्हा उचलला. “पण त्या हाताकडे बघवत नाही.”

संध्याकाळी ताईच्या घरी काकूंनी दादाला बोलावून घेतलं. तो दाराशीच उभा राहिला.

“मेकॅनिकनं डबी नेली असती,” काकू म्हणाल्या. “शेठनं चाकू चालवला असता. एअरबॅग नेणाऱ्यानं मात्र घाईतसुद्धा ती टाका टाका करून उसवली. कापायला त्याचा हात धजला नाही.”

ताईनं दादाकडे पाहिलं.

“कारखान्याचा दोरा पांढरा. मग तपकिरी कुठून आला? एअरबॅग आधी कुणीतरी शिवली होती. भोक दिसलं की ज्याचा हात थांबत नाही, अशा माणसानं. मास्तर, बाही दाखवा.”

मास्तरांनी बाही पाहिली आणि त्यांचा आ वासला.

“वायू सुटायचं एक भोक त्यानं बुजवलं. फाटलंय असं समजून. मग सगळी आग दुसऱ्या भोकातून एकाच हातावर आली.”

दादा दारातच खाली बसला.

“शेठ म्हणाला, वापरून झालेली आहे, शिकाऊ मुलांना दाखवायला ठेवायचीय. एवढी शिव. मी भोकावर ठिगळ लावलं, सुटलेली कडही नीट शिवली, चिमे! त्यानं ती विकायच्या गाडीत बसवली असेल हे मला… गाडीवर कव्हर घालायला गेलो आणि माझंच ठिगळ समोर दिसलं.”

“एअरबॅग कुठंय दादा?” ताईनं विचारलं.

“तुमच्या हाताखाली,” काकू म्हणाल्या. “कापसाची उशी अशी कुरकुरत नाही.”

ताईनं झटकन हात उचलला.

“प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलीय, धुतलेली नाही,” दादा म्हणाला. “दुकानात शेठ केव्हाही येतो. जाळवेना. तुझी वस्तू तुझ्यापाशी राहावी, एवढंच सुचलं.”

मास्तर टाके उसवायला पुढे झाले. काकूंनी त्यांचा हात धरला. “उशी उद्या तज्ज्ञासमोरच उघडेल.”

“म्हणजे दावा शेठवर,” ताई सावकाश म्हणाली. “पण ठिगळ त्याच्या सांगण्यावरून लागलं, हे सांगणार कोण? दादा, तुझं नाव येईल. धंदा बसेल.”

“येऊ दे. वकीलबाईंसमोर माझ्या तोंडानं सांगेन. शब्द देतो.” आणि त्यानं पहिल्यांदा तिच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

सकाळी मास्तर दादाला सोबत न्यायला आले. खरं तर तो पळून जाईल अशी धास्ती त्यांना रात्रभर होती. दुकानाचं शटर बंद होतं.

मग रस्त्याच्या टोकाला तो दिसला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात तपकिरी दोऱ्याचं रीळ. वकीलबाईंच्या ऑफिसच्या दिशेनं तो एकटाच, मान वर करून चालला होता.

मास्तरांनी हाक मारली नाही.