लेन्सवरची खूण

सरावाआधी निलोफर मुजावर मान मागे टाकून उजवा डोळा उघडा धरायची आणि देवयानी घोरपडे छोट्या भिंगातून तिच्या लेन्सवरची खूण बघायची. केसाएवढी बारीक रेघ. ती बुबुळाच्या बरोबर खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी असली की देवयानी म्हणायची, “ठीक आहे.” मग दोघी धनुष्य उचलायच्या.

साताऱ्याच्या तिरंदाजी केंद्रात त्या शाळेपासून एकत्र होत्या. दोघींनाही सिलिंडरचा नंबर. बुबुळ चेंडूसारखं गोल नसून एका अंगाने किंचित चेपलेलं असलं की लक्ष्याची वर्तुळं एका दिशेला फराटल्यासारखी दिसतात. त्यावरची लेन्स ठरावीक कोनातच बसावी लागते. पापणी लवली, मान कलली की ती फिरते आणि मधलं पिवळं वर्तुळ बाहेरच्या लालात सांडतं. अशा वेळी दोघी धनुष्य खाली घेऊन डोळे मिचकावत उभ्या राहायच्या. “तुझी बसली का?” एक विचारायची, आणि दुसरीला हसू फुटायचं.

मग पुण्याच्या प्रयोगशाळेतून ‘स्वयंदिश’ लेन्स आली. तिच्या पोटातला द्रव-स्फटिकांचा पातळ थर विजेच्या सूक्ष्म इशाऱ्यावर आपला कोन बदलायचा. वीज कानामागच्या चकतीतून मिळायची. मात्र सुरुवातीला खूण सहाच्या जागी असली तरच तिचा कोन बरोबर जुळायचा. तिरंदाजी महासंघाने तिला चष्म्यासारखीच परवानगी दिली. चाचणीसाठी दोघींना तपासलं. निलोफरचे डोळे चालले, देवयानीचे कोरडे निघाले.

“पुढच्या वेळी बघू,” तपासणारी बाई म्हणाली.

निलोफरचे बाण पिवळ्यात एकमेकांना घासून बसू लागले. देवयानी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायची, आणि घरी जेवताना आईला सांगायची, की बाण सोडताना निलूचा हात अजून हलतोच, सगळी करामत त्या लेन्सची. आई नुसती हं म्हणायची. निलोफरचं वाईट व्हावं असं देवयानीला वाटत नव्हतं. तिलाही एकदा अंधुक दिसावं, इतकंच.

राष्ट्रीय संघाच्या निवडीच्या दिवशी निलोफरने नेहमीसारखी मान मागे टाकली. देवयानीने भिंग धरलं. रेघ खाली नव्हती. ती नाकाच्या बाजूला चांगलीच सरकली होती.

“ठीक आहे ना, देवू?”

पलीकडे प्रशिक्षक फडतरे सर नावं पुकारत होते. देवयानीने भिंग खिशात टाकलं.

“ठीक आहे.”

नेम धरण्याआधी तिची नजर शेजारच्या लक्ष्याकडे गेली. निलोफरचा पहिला बाण पिवळ्यात बसला. दुसराही. देवयानीचा लालात गेला. तिला वाटलं, आता चुकेल, आता चुकेल. निलोफर चुकली नाही.

सरांनी निकाल सांगितला. निलोफर पहिली, देवयानी तिसरी. तिघींचा संघ, म्हणजे दोघीही आत. बाकीच्या मुली पेढे आणायला गेल्या. निलोफर धनुष्याची दोरी उतरवत बसली होती.

“गेल्या महिन्यात प्रयोगशाळेने लेन्स सुधारली,” ती खाली बघत म्हणाली. “फिरली की नजरेच्या कडेला हिरवा ठिपका दिसतो आणि ती आपली आपणच जुळवून घेते. खूण बघायची गरज राहिली नाही.”

देवयानीने खिशातलं भिंग चाचपलं. “मग मला का विचारत होतीस?”

“तुला मिळाली नाही म्हणून. यात तुझाही हात राहावा असं वाटलं.” निलोफरने दोरी गुंडाळून पिशवीत ठेवली. “आज तू ठीक म्हणालीस तेव्हा ठिपका पेटलेला होता.”

देवयानी काहीतरी बोलायला गेली. प्रकाश कमी होता, घाई होती, असं बरंच तोंडाशी आलं.

“मी मुद्दाम खोटं बोलले,” ती म्हणाली.

“माहीत आहे. सरांना मी सांगणार नाही.” निलोफरचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर देवयानीला बरं वाटलं असतं. “पण सांघिक फेरीत माझ्या मागे दुर्बीण घेऊन तू उभी असशील. माझा बाण कुठे लागला ते तू सांगणार, आणि त्यावर मी पुढचा नेम धरणार. ते काम कुठली लेन्स करत नाही. तू ‘डावीकडे’ म्हणालीस, तर मी काय करायचं?”