मानाच्या फुलावरच्या रेषा

"माझ्या शेतात कोंडीनं विष कालवलंय. पुरावा तेवढा तुमी काढून द्या."

कुंभिवलीच्या भिवाजीकाकांनी निकाल आधीच लावला होता. तपासाला मात्र नेरळहून खाजगी तपास करणाऱ्या रोहिणी दळवीला बोलावलं होतं. तिचा सहायक दत्ता याला निकाल लगेच पटला. दत्ताला पहिला निकाल नेहमीच पटायचा.

समोर ग्लॅडिओलसच्या फुलझाडांच्या बारा ओळी होत्या. कामाला येणारी कोंडी सांभाळायची त्या सहा लालभडक, निरोगी. काकांकडच्या सहांत मात्र जागोजागी दांडे खुजे, पानांवर पिवळे पट्टे आणि लाल पाकळ्यांवर पांढऱ्या रेषा.

"तिच्याच ओळी बऱ्या कशा ऱ्हायल्या?" काका म्हणाले. "उद्यापास्नं ती कामाला नाय. पोलिसांतबी देतो."

कोंडी बांधावर बसली होती. वरच्या वाडीवरून अकरा वर्षं ती इथे कामाला येत होती.

"बाई, मी काय बी केलं नाय. माझ्या ओळीचं कंद काढून माझ्या टोपलीत ठेवते, पुढल्या साली पुन्ना माझ्याच ओळीत लावते. मालकांच्या ओळीत मी जात बी नाय. काम गेलं तर जाऊ दे, पन विष घालनारी म्हणून वाडीत कोणत्या तोंडानं जाऊ?"

"औषध कोण मारतं?" रोहिणीने विचारलं.

"मी," काकांचा पुतण्या ऋतिक म्हणाला. "बाराही ओळींना, एकाच पंपानं."

"आणि तोडणी?"

"एक बाजू काका, एक बाजू कोंडीमावशी. आपापल्या चाकूनं. पण काका आधी म्हसोबाला वाहायचं मानाचं फूल कापतात, मगच ओळीत शिरतात. त्या झाडांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

मानाची झाडं म्हसोबाच्या दगडापाशी होती. काकांच्या बायकोने, येसूबाईने, वारण्याआधीच्या थंडीत एक कंद लावला होता. त्याचा आता ताटवा झाला होता. लाल पाकळ्यांवर पांढऱ्या रेषा अशा उसळल्या होत्या की एक फूल दुसऱ्यासारखं नव्हतं. दत्ताने नकळत चपला काढल्या. रोहिणीने फोटो काढून ओळखीच्या शेतीतज्ज्ञाला पाठवले.

दुपारी उत्तर आलं. तिने सगळ्यांना दगडापाशी बोलावलं.

"काका, विष कुणी घातलेलं नाही. औषधाचा पंप एकच, म्हणजे दोष औषधात नाही. मावा किडीनं रोग आणला म्हणावं, तर कीड ओळी मोजून बसत नाही. मग फक्त तुमच्या ओळींत काय जातं? तुमचा चाकू. गेल्या साली तो आधी कशाला लागायचा?"

"मानाच्या फुलाला," काका पुटपुटले.

"आणि न धुता तसाच ओळीत. पात्यावरच्या रसातून विषाणू गेला, कंदांत राहिला. तुमचे कंद तुमच्याच ओळींत परत आले, रोगही आला. कोंडीताईला या झाडांना हात लावायची बंदी होती, म्हणून तिच्या ओळी वाचल्या."

"पण हे झाड तर सगळ्यांत सुंदर आहे!" दत्ता म्हणाला.

"तेच सगळ्यांत आजारी आहे. या रेषा म्हणजेच रोग. विषाणू रंग धरू देत नाही, तिथं पाकळी पांढरी राहते." ती एका फुलावर वाकली. "डोळ्यांना दिसत नाही एवढासा जीव, दत्ता, आणि काय नक्षी काढून ठेवलीय बघ."

"उपाय?" काकांनी विचारलं.

"हा ताटवा आणि ओळींतली रोगट रोपं कंदासकट उपटून जाळायची."

काका खाली बसले. "येसूचं तेवढंच ऱ्हायलंय गं," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली. "कोंडे, मी लय वंगाळ बोललो तुला. माफ कर. माझा हात उठत नाय. तू उपट."

कोंडी पुढे आली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या झाडांपाशी. तिने मातीला हात लावून कपाळाला लावला. "येसूबाई, रागावू नका," म्हणाली, आणि कंद ओढला.

"मालक, एक फूल देवाला ठेवू? सांजच्याला तेबी जाळू."

"ठिव," काका म्हणाले. "तुझ्या हातानं ठिव."