पेटीतला तेरावा फॉर्म

झाला भरून? घडी घाला आणि टाका पेटीत. मी बघत नाही, नियमच आहे तसा. फॉर्मवर नाव नाही, पत्ता नाही. लोकांना आत्महत्येबद्दल काय वाटतं, एवढंच आम्ही मोजतो. वीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत. फॉर्म पेटीत पडला की निघायचं आणि त्या दाराशी परत फिरकायचं नाही, हाही नियम. पण आज मी लगेच उठणार नाहीये, ताई. थोडं ऐका. दार उघडंच राहू द्या.

माझा थोरला भाऊ शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. सहा वर्षांपूर्वी त्यानं जीव दिला. मी हे काम धरलं तेव्हा मामी म्हणाली, "कशाला खपली काढतेस?" मी म्हटलं, "काढणार." आमच्या घराण्यात हट्ट मुरलेला आहे.

गेल्या महिन्यात पहिल्या दिवशी मी बारा फॉर्म वाटले. संध्याकाळी ऑफिसात मास्तरांनी पेटीची चिकटपट्टी फाडली. मास्तर म्हणजे आमचे सुपरवायझर. पूर्वी गणित शिकवायचे, अजूनही सगळ्या जगाचे पेपर तपासत असतात. त्यांनी दोनदा मोजलं.

"तेरा. बाई, बारापर्यंत येतं ना मोजता?"

आम्ही लोकांना निळं पेन देतो. तेरावा फॉर्म पेन्सिलीनं भरलेला होता. नववं विधान आहे, 'जे बोलून दाखवतात, ते करत नाहीत.' त्यापुढे 'पूर्ण असहमत'वर खूण होती. खूण उलटी होती, डावखुऱ्या माणसाची असते तशी. कागदाला मशीनच्या तेलाचा वास येत होता. मी तो नाकाशी धरला. दादा डावखुरा होता.

दुसऱ्या दिवशी वेगळी गल्ली, वेगळी माणसं. पुन्हा बारा वाटले, पुन्हा तेरा निघाले. नवव्या विधानाच्या कडेला या वेळी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मी बोललो होतो.'

बोलला होता तो. फोनवर म्हणाला होता, "कंटाळा आलाय गं सगळ्याचा. या रविवारी येशील?" मी हसून म्हटलं, "नाटकं करू नकोस, पुढच्या रविवारी येते." ते वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनाही नाही.

तिसऱ्या दिवशी तेरावा फॉर्म कोराच होता. फक्त नवव्या विधानापुढे तीच खूण आणि खाली, 'तिसरा मजला, डावीकडचं दार.'

ते दार चष्मेवाल्या काकांचं. त्याच दुपारी मी तिथे जाऊन आले होते. बायको गेल्यापासून एकटेच राहतात, चष्म्यांचं दुकानही बंद केलंय. त्यांच्या गॅलरीत कुंड्यांचे नुसते गोल डाग होते. मी विचारलं, तर म्हणाले, "झाडं शेजारणीला दिली. आता सगळं आटोपलं बघा." आणि मी म्हटलं होतं, "छान!" अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

मी पिशवी उचलली तसे मास्तर गुरगुरले, "परत जायचं नाही. नियम म्हणजे नियम."

"मग काढा मला," म्हटलं आणि निघाले.

जिन्यात दिवा होता, तरी पायऱ्या दिसेनात. दुसऱ्या मजल्यापासून तेलाचा वास सुरू झाला... माझ्या पुढेच कुणीतरी चढतंय, असं वाटत होतं. मी थांबले की ती पावलंही थांबायची. तरी मागे फिरले नाही. एकदा न जाण्याची किंमत मला ठाऊक होती.

तिसऱ्या बेलला काकांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली.

"काही राहिलं का?"

"हो. एक प्रश्न फॉर्मवर नाहीये. काका, जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?"

त्यांनी चौकटीला धरलं.

"आजच..." म्हणाले आणि तिथेच खाली बसले. "सगळे विचारतात, जेवलात का. हे कुणी विचारलं नाही."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांच्या लेकीला फोन लावला, ती येईपर्यंत हलले नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. परवा गेले होते, तर गॅलरीत एक कुंडी परत आलीय. मला फार बरं वाटलं. जिना उतरताना मी रडलेसुद्धा. वाटलं, दादा आता सुटला.

कुठलं काय!

आज सकाळी मास्तरांनी माझ्यासमोर पेटी उलटी करून झटकली. रिकामी होती. चिकटपट्टी लावली, त्यावर सही केली. मी पेटी घेऊन कोपऱ्यावर वळले आणि आत कागद सरकला. मी तिथेच पट्टी फाडली. मास्तर काय म्हणायचं ते म्हणोत.

पेन्सिलीनं तुमच्या दाराचा नंबर लिहिलाय, ताई. हा बघा. आणि खाली, 'ही पण बोललीय. कुणी ऐकलं नाही.'

तुम्ही आत फॉर्म भरत होतात तेव्हा मी ही खोली बघत होते. भिंतीवरचे फोटो उतरवलेत, खिळे तेवढे राहिलेत. या वेळी मी 'छान' म्हणणार नाही. सरळ विचारते, जीव द्यायचं मनात आहे का तुमच्या?

रडा, हरकत नाही. मी कुठे जात नाही. फोन माझ्याकडे आहे, कुणाला लावू ते तुम्ही सांगा.

नाही, शिलाई मशीन नाही आणली मी. तो तेलाचा वास तुम्हालाही येतोय ना? दाराबाहेर बघू नका. तुम्ही बोला... तुमचं बोलणं होईपर्यंत दादा जिन्यातच थांबेल.