नोंदीत नसलेली मावशी

“प्राप्ती कुठंय?”

कल्पिताने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज फाटला.

पाळणाघराच्या फाटकाशी उभ्या असलेल्या तुळसाबाईंनी खिळ्याला लावलेला कागद काढला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वाचलं.

“हे बघा ना, ताई. प्राप्ती. नेणार कोण? मावशी. तीन वाजून गेलेले, बाई आली, प्राप्तीची मावशी म्हणाली. कागदावर होतं, म्हणून पोर दिली.”

“तुळसाबाई, मला बहीण नाहीये.”

आतल्या पायरीवर उत्तरा आपल्या हर्षितच्या सॅंडलचा बंद लावत होती. तिचा हात तिथेच राहिला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे तीन वर्षांची पोर दोन तास कुणा परक्या बाईबरोबर होती.

आणि तो कागद निघाला होता उत्तराच्या करामतीतून.

डोंबिवली पूर्वेच्या ‘चिमणघर’ची रीत सोपी होती. आईबापांनी मोबाइलवरून ऑनलाइन तक्त्यात लिहायचं, आज मुलाला कोण नेणार. तो तक्ता ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवरच्या एक्सेलला जोडलेला. दुपारी तीनला त्यावरून कागद छापायचा, आणि कागदावर असेल त्याच्याच हाती तुळसाबाई मूल देणार. मग समोर साक्षात ब्रह्मदेव उभा असला तरी. ही जोडणी उत्तराने केली होती. कंपन्यांची असली कामं ती घरून करायची, हर्षित झोपला की. पाळणाघर चालवणाऱ्या आसावरीताई तेव्हा म्हणाल्या होत्या, “आता मी निर्धास्त झाले बघ!”

दहाव्या मिनिटाला फौजदार भोईरांची जीप फाटकाला लागली.

“फाटकावर कॅमेरा?”

“बिघडलाय हो,” आसावरीताई म्हणाल्या. साठीची बाई, पण आज ऐंशीची दिसत होती. “दुरुस्तीला सांगितलंय.”

भोईर कल्पिताकडे वळले. “कुणावर संशय?”

“सासरच्यांवर. कोपरीला राहतात. माझा नवरा केदार गेला त्याच्या तेराव्याला सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, पोर आमची आहे, तुला जायचं तिथे जा. दोन वर्षं मी त्यांना तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. इथे पहिल्या दिवशीच सांगून ठेवलंय, बापाकडचं कोणीही आलं तरी द्यायचं नाही. आणि उद्या अकराला आमची हैदराबादची गाडी आहे. नोकरी बदललीय मी.” ती खाली बसली. “त्यांना कळलं असणार. आता लपवून ठेवतील तिला. मी काय करू? कुठे शोधू?”

भोईरांनी कोपरीला फोन लावला. पंधरा मिनिटांनी उत्तर आलं. सासरे दामाजी कोळींच्या घराला कुलूप. म्हातारा आणि मुलगी समृद्धी सकाळीच बाहेर पडलेत. दोघांचेही फोन लागत नाहीत.

“म्हणजे नेलं त्यांनीच असेल,” भोईर म्हणाले. “पण ‘मावशी’ कागदावर घातली ती आतल्या माणसाने. पोर कुठंय हे त्याला ठाऊक असणार. पासवर्ड कुणाकुणाकडे?”

“माझ्याकडे,” उत्तरा म्हणाली. “आणि आसावरीताईंकडे.”

“जोडणी तुमची, पासवर्ड तुमचा. मॅडम, आज दुपारी कुठे होतात?”

कल्पिता तिच्याकडे बघत होती. दोघींची मुलं एकाच सतरंजीवर झोपायची, एकमेकांचे डबे खायची. ती नजर उत्तराला सोसवेना.

“मी दाखवते,” ती म्हणाली. “तक्त्यात कोणी काय बदललं, किती वाजता बदललं, सगळं राहतं.”

तिने मोबाइल पुढे धरला. आजच्या दिवसात तीनच नोंदी. सकाळी नऊला कल्पिताने लिहिलेलं, प्राप्तीला नेणार आई. पावणेदोनला खुद्द उत्तराने हर्षितपुढचं ‘बाबा’ काढून ‘आई’ केलेलं. दोन चाळीसला प्रणितच्या आईने ‘आजोबा’च्या जागी ‘बाबा’ घातलेलं.

मावशी कुठेच नव्हती.

“मग कागदावर आली कुठून?” भोईर म्हणाले. “भुताने लिहिली?”

“ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कोणीतरी हाताने लिहिली असणार.”

आसावरीताई एकदम बोलल्या. “एकला प्रिंटरवाला आलेला ना! सिद्धेश. मी पोरांना जेवायला वाढत होते, तो एकटाच होता तिथे. दीडला गेला, वहीत सही आहे. त्यानंतर मी खोलीतून हललेच नाही. तीनला नेहमीसारखं ‘ताजं करा’ बटण दाबलं, कागद काढला, तुळसाला दिला.”

“कुठला हा सिद्धेश?”

“ठाण्याचा. कोपरीचाच.”

भोईरांच्या भुवया वर गेल्या. “सासर कोपरी, प्रिंटरवाला कोपरी. उचला रे त्याला!”

हवालदार बाहेर धावला. टेबलावर पालथा पडलेला आसावरीताईंचा फोन घरघरला. त्यांनी तो न बघताच गप्प केला. “पालक विचारतायत,” त्या पुटपुटल्या. दोन मिनिटांनी पुन्हा घरघर. पुन्हा गप्प.

सहा वाजले. कल्पिता फाटकाच्या गजांना धरून उभी होती. रस्त्यावर कुठलंही लहान पोर दिसलं की पुढे झुकायची आणि मागे व्हायची. उत्तराने हर्षितला कडेवर घट्ट धरलं, इतकं की तो कुरकुरला. आपण लोकांचं काम सोपं करायला गेलो, आणि एका आईचं मूल घालवून बसलो.

“तुळसाबाई, तुम्ही दीड ते तीन कुठे होतात?” तिने विचारलं.

“पोरांमदी. दुसरीकडं कुठं जाणार? तुमचा हर्षित माझा पदर मुठीत धरून झोपलेला. उठले की ह्यो रडतो.” बाईंनी डोळे पुसले. “आज दिवसच खराब. साडेचारला तो प्रणितचा बाप भांडून गेला. म्हणे, माझंच पोर मला देत नाय! मी म्हटलं, कागदावर आजोबा हाय. मग आईला फोन लावला, तेव्हा सोडला.”

उत्तराने वळून पाहिलं. “कागदावर काय होतं?”

“आजोबा. हे काय, बघा ना.”

तिने कागद हातात घेतला. प्रणित, आजोबा. नजर वर सरकली. हर्षित, आई.

हर्षितला तिने भोईरांच्या खुर्चीवर बसवलं. “साहेब, सिद्धेशला सोडा. त्याने काही केलेलं नाही.”

“ते तुम्ही ठरवणार?”

“हा कागद ठरवेल. ऑनलाइन तक्ता म्हणजे विहीर समजा, आणि ऑफिसातला हंडा. विहिरीचं पाणी हंड्यात येतं, हंड्याचं विहिरीत परत जात नाही. मी तसंच जोडलंय. ‘ताजं करा’ बटण दाबलं की हंडा आधी पालथा होतो, मग नव्याने भरतो. हंड्यात कोणी हाताने काही घातलं असेल तर तेही सांडून जातं.”

“बरं. मग?”

“मी हर्षितपुढे ‘आई’ लिहिलं पावणेदोनला. ते कागदावर आलंय. म्हणजे हंडा पावणेदोननंतर एकदा भरला. सिद्धेश दीडलाच गेला होता. त्याने ‘मावशी’ लिहिली असती तर ती तेव्हाच सांडली असती.”

भोईर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ऐकू लागले.

“प्रणितच्या आईने दोन चाळीसला ‘बाबा’ लिहिलं. ते मात्र आलेलं नाही. म्हणजे दोन चाळीसनंतर बटण दाबलंच नाही. तीनला दाबलं असतं तर ‘बाबा’ आला असता आणि मावशी गेली असती.” उत्तराने कागद टेबलावर ठेवला. “पावणेदोन ते तीनच्या मध्ये कोणीतरी ‘मावशी’ लिहिली आणि पुसली जाऊ नये म्हणून बटण टाळलं. तुळसाबाई पोरांमध्ये होत्या. कॉम्प्युटरच्या खोलीत एकच माणूस होतं. दीडनंतर मी हललेच नाही, असं ते स्वतःच म्हणालं.”

आसावरीताईंचा फोन घरघरला.

“ऑनलाइन लिहिलं असतं तर कल्पिताच्या मोबाइलवर लगेच निरोप गेला असता. ती सोय मीच केली होती, आणि तुम्हाला बसून समजावली होती, ताई. ‘आत्या’ लिहिलं असतं तर तुळसाबाईंनी मूल सोडलं नसतं. म्हणून मावशी.” उत्तराने हात पुढे केला. “फोन द्या.”

आसावरीताईंनी दिला. त्या उभ्या होत्या तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या.

“दोन महिने,” त्या म्हणाल्या, “दोन महिने तो म्हातारा समोरच्या झाडाखाली येऊन उभा राहायचा गं. आत यायचा नाही, हाक मारायचा नाही. पोरं अंगणात आली की नुसता बघायचा. काल पाया पडला माझ्या. म्हणाला, एकदा टिटवाळ्याला गणपतीच्या पायावर घालून आणतो, मग कुठेही जाऊ दे. साडेपाचला परत आणणार होते. कल्पिता साडेसहाला येते रोज. तिला कळलंही नसतं.”

“मी आज लवकर आले,” कल्पिता म्हणाली. “सामान बांधायचं होतं.”

“तू विचारल्यावर माझी वाचाच बसली. आज सांगते, मग सांगते, असं करत पोलीस आले. अडतीस पोरांचं घर आहे हे, बंद पडेल म्हणून...”

“एक तास!” कल्पिता किंचाळली. “एक तास मी मरत होते तुमच्यासमोर, आणि तुम्ही मला पाणी विचारत होतात?”

उत्तरा फोनवरचे निरोप वाचत होती. समृद्धीचे, पण नंबर तिचा नव्हता. ‘आमचे फोन बंद पडले, रिक्षावाल्याचा घेतलाय. आलो.’ पाच बावन्न. ‘दारात पोलिसांची गाडी हाय. काय करू?’ पाच चोपन्न. ‘बाबा घाबरलेत. ताई फोन उचला.’ त्यानंतर सात वेळा फोन. शेवटचा निरोप नुकताच आलेला. ‘मागच्या गल्लीत दूध डेअरीच्या पायरीवर बसलोय.’

“कल्पिता, मागच्या गल्लीत आहे ती! आत्ता!”

कल्पिता अनवाणीच धावली.

डेअरीच्या पायरीवर दामाजी बसले होते. शेजारी समृद्धी. म्हाताऱ्याच्या मांडीवर प्राप्ती, कपाळभर शेंदूर, दोन्ही मुठींत प्रसादाचे पेढे. आईला बघून ती उतरलीसुद्धा नाही.

“आई, आबा रडतो,” तिने सांगितलं. “मी पेढा दिला तरी रडतो.”

कल्पिताने तिला उचललं. डोकं, पाठ, हात, पाय, सगळीकडून चाचपलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसलं. बराच वेळ तिला वर बघता आलं नाही. म्हातारा हात जोडून उभा राहिला होता.

“आणीतच होतो, बाय. जीप बगली न् पायच उचलंना.”

“मला विचारायचं होतंत.”

“चारदा फोन केला. तू उचलला नाय.”

ते खरं होतं.

“तेराव्याला मी बोललो ते वंगाळ बोललो,” दामाजी म्हणाले. “पोरगा गेल्ता माजा. तोंडाला येल ते बोललो. तुजापन नवरा गेल्ता, ते मना दिसलंच नाय.”

मागून भोईर आले. धापा टाकतच त्यांनी वही उघडली. “मॅडम, तक्रार लिहायची ना? पाळणाघराच्या बाईंवर?”

“लिहा.”

“आणि यांच्यावर?”

प्राप्ती आईच्या कडेवरून वाकून आजोबांच्या हातात आणखी एक पेढा कोंबत होती. उत्तरा गल्लीच्या तोंडाशी हर्षितला घेऊन उभी राहिली. पुढे जायचा तिला धीर झाला नाही.

“यांच्यावर नको,” कल्पिता म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. आवाज अजून कोरडाच होता. “उद्या अकराची गाडी आहे. सकाळी आठला घरी या. दोघंही. ती खेळेल तुमच्याशी. पण मी समोर बसणार.”

म्हाताऱ्याने मान डोलावली. समृद्धीकडे बघितलं, घसा खाकरला.

“साडेसातला आलो तर चालंल का, बाय?”