शिवणखोलीतली भाषा

"ताई, रविवारी शाळेचे पालक आपल्याकडे चहाला येताहेत... तेवढा वेळ तू मागच्या शिवणखोलीतच थांब. आणि... तोंड उघडू नकोस!"

फ्रूमाच्या हातातली इस्त्री दोवच्या पांढऱ्या सदऱ्यावर तशीच थबकली, आणि कापड करपल्याचा वास आला तेव्हा कुठे ती भानावर आली. आईवडिलांच्या मागे ज्याला तिनं पोटच्या पोरासारखं वाढवलं, ज्याच्या शिक्षणापायी आलेली दोन चांगली स्थळं आपल्या हातांनी परत पाठवली, ज्याच्या मागोमाग रशिया सोडून ती पूर्वजांच्या देशात, या याफा बंदराच्या वाळूत येऊन पडली, तोच भाऊ आज तिला लपवू पाहत होता!

"एवढी लाज वाटते माझी, बेरेल?"

"बेरेल नाही, दोव! हिब्रू नावानं हाक मार, किती वेळा सांगू? आणि लाज नाही गं... पण तू यिडिशमध्ये एक शब्द जरी बोललीस, तर नोकरी गेलीच म्हणून समज!"

दोष तरी कुणाला द्यायचा? शतकानुशतकं पोथ्यांत आणि प्रार्थनेत राहिलेली पूर्वजांची हिब्रू पुन्हा घराघरांत बोलली जावी, हा दोवचा ध्यास होता. मास्तरानं घरातही दुसरी भाषा बोलायची नाही, हा पालकांचा नियम होता, आणि रविवारी त्याचं घर पाहूनच ते त्याची नोकरी कायम करणार होते. फ्रूमा मात्र घरात आईची यिडिशच, रशियाकडच्या ज्यूंची घरगुती बोलीच, बोलायची. हिब्रूत बोलायचा प्रयत्न तिनं भावासमोर एकदाच केला होता. तिच्या पहिल्याच वाक्याला तो पोट धरधरून इतका हसला होता की... त्या दिवसापासून तिनं त्याच्यासमोर त्या भाषेचं नाव काढलं नव्हतं.

"नाही बोलणार," ती शांतपणे म्हणाली. त्याच दुपारी तिनं हैफाच्या मावसबहिणीला पत्र धाडलं आणि पेटी भरायला घेतली. भावाच्या वाटेत आपली अडगळ नको! बोट सोमवारी सुटणार होती.

रविवारी बैठकीच्या खोलीत चहाचे पेले फिरले, फ्रूमानं पहाटे भाजलेला खसखशीचा केक सगळ्यांनी वाखाणला. दोवनं भाषेच्या थोरवीवर असं काही प्रवचन दिलं की ऐकणाऱ्यांच्या माना डोलत राहिल्या. पण पालकांचे प्रमुख डॉक्टर मार्गोलिन खवचट गृहस्थ होते.

"झकास, मास्तर! पण मला एक सांगा, या भाषेत एखादी बाई शिंप्याशी भांडणार कशी?"

दोव चाचरला. त्यानं पोथ्यांतल्या संदेष्ट्यांची वचनं आठवून पाहिली. पण त्यांत शिंप्याशी कुणीच भांडलं नव्हतं.

इतक्यात शिवणखोलीचं मागचं दार धाडकन उघडलं. फ्रूमाच्या हाताखाली शिवणाऱ्या दोघी पोरी, येमेनची बद्रा आणि सालोनिकाची लूना, नवरीचा झगा घेऊन धावत आत आल्या. परवाचं लग्न, आणि बाही टरकन फाटलेली! बद्राला अरबी येई, लूनाला तिच्याकडच्या ज्यूंची स्पॅनिश, फ्रूमाला यिडिश. तिघींना मिळून उमगेल अशी एकच भाषा होती, लहानपणापासून कानांवर पडलेली प्रार्थनेची हिब्रू; तिचेच शब्द तोडूनजोडून, वाकवून त्यांनी दोन वर्षं शिवणकाम भागवलं होतं. त्या खोलीत दोव कधी फिरकलाच नव्हता.

फ्रूमा सगळं विसरली!

"अगं रडतेस काय भोकाड पसरून? बाही फाटलीय, नवरी नाही फाटली! लूना, सुई दे... ही नव्हे गं, बारीक! आणि हे टाके घातले कुणी? आंधळ्या कोंबडीनं?"

"मी नाही, हिनं!"

"खोटारडी! शेवटचा टाका तुझाच होता!"

"गप्प बसा दोघी! दोरा ओवा आधी!"

पलीकडे पेले हातांतच राहिले. पेल्यांचा आवाज थांबलेला जाणवला, तशी फ्रूमाला पाहुण्यांची आठवण झाली. आपल्या मोडक्यातोडक्या बोलण्यानं भावाचं हसं झालं! ती दारात आली, मान खाली घालून हिब्रूतच म्हणाली, "माफ करा साहेब... मी इथली मोलकरीण आहे."

"मोलकरीण?" डॉक्टर उठून उभेच राहिले. "मास्तर, सोळा वर्षं मी ही भाषा ऐकतोय. भाषणांत ऐकली, गाण्यांत ऐकली... पण शब्द शोधायला न थांबता कुणी तिच्यात रागावलेलं आज पहिल्यांदा ऐकलं! हिला शिकवलं कुणी?"

दोवची नजर बहिणीच्या मागे, दोरीनं बांधलेल्या पेटीवर खिळली होती. त्याला सगळं उमगलं... आणि त्याचा बांध फुटला.

"मी नाही शिकवलं! मी हसलो होतो हिला! आणि ही मोलकरीण नाही, डॉक्टर... ही माझी ताई आहे, माझी आई आहे!" सगळ्यांसमोर त्यानं तिचे सुयांनी टोचलेले हात आपल्या डोळ्यांना लावले आणि लहानपणीच्या यिडिशमध्ये हुंदका दिला, "जाऊ नकोस गं, ताई... तुझ्या बेरेलला टाकून जाऊ नकोस!"

फ्रूमाच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या. तरीही तिनं मान ताठ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ हिब्रूत म्हणाली,

"या घरात फक्त हिब्रूच बोलायची, मास्तर! आणि ती पेटी सोडून ठेव... आत बाहीला अजून बरेच टाके घालायचेत."